क्वार्टरची राखण

१९७३ च्या जून महिन्यात आमचे कुटुंब कुडाळजवळचे गाव सोडून लखनौला गेले. माणसे चार होती : वडील, आई, मी आणि धाकटी बहीण शोभा. कोंबड्या गावीच राहिल्या.

वडील रेल्वेत इंजिनियर होते. तोपर्यंत ते मुंबईत आणि आम्ही गावी, अशी व्यवस्था होती. आमच्या भागात ती बहुतेक घरांत असे. लखनौला बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळाले, आणि क्वार्टर मिळाले म्हणून आम्हाला नेण्यात आले. चार-पाच वर्षांत मुंबईला परत यायचे आणि पुढे गावी स्वतःचे घर बांधायचे, असे वडिलांनी ठरवले होते. ते तसे भेटेल त्याला सांगतही होते.

निघण्याच्या सकाळी आईने चहा करून चूल विझवली. राहत्या घरात दोन चुली होत्या, एक थोरल्या काकांची आणि एक आमची. आमच्या खोलीला कुलूप लागायचे होते. कोंबड्या तिने डालग्याखाली कोंडल्या. त्यातली तांबडी कोंबडी खुडूक होती. म्हणजे अंड्यांवर बसायला तयार. थोरले काका पायरीवर उभे होते. वडिलांहून ते बरेच मोठे, आणि घरातला देवधर्म त्यांच्याकडे असे. आईने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कोंबडीची.

"दादानू, पावसात हिका बसवू नकात. भात झोडून झाला की बसवा."

दुसरी राखणेची. कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो असे मानतात. तो दिसत नाही, पण जागा त्याची असते. माणसे त्याच्या परवानगीने राहतात. वर्षातून एकदा, भात घरात आल्यावर, त्याला एक कोंबडा द्यायचा. याला राखण देणे म्हणतात. आमच्या गावात ती चुलीमागे दिली जाई. आमच्या घरात आणखी एक नियम होता : एका माणसाच्या नावाने दोन जागी राखण द्यायची नाही. जिथे दिली, तिथला तो माणूस.

"तुमची राखण मी देतलंय," काका म्हणाले. "थंय काय करू नकात."

वडिलांनी मान हलवली आणि ट्रंक उचलली.

क्वार्टर आलमबागच्या बाजूला होते. इंग्रजांच्या काळातली बैठी, जाड भिंतींची घरे, प्रत्येकाच्या मागे विटांनी बंदिस्त अंगण. आमच्या अंगणात एक कडुनिंब होता. जूनमध्ये दुपारभर लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, वाहत असे आणि दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागत. आईने असे बंद घर पूर्वी पाहिले नव्हते. पहिल्या महिन्यात ती शेजारच्यांशी फारशी बोलली नाही, कारण तिचे हिंदी मुंबईला दोन-चार वेळा जाऊन-येऊन शिकलेले होते.

उजव्या भिंतीपलीकडे मिश्रा कुटुंब राहत होते. मिश्राजी हेडक्लार्क, मूळचे गोंडा जिल्ह्याकडचे, शुद्ध शाकाहारी. त्यांच्या पत्नीला सगळी कॉलनी मिश्राइन म्हणे. डाव्या भिंतीपलीकडे रझिया खाला. त्यांचे पती रेल्वेत फिटर होते. खाला जुन्या लखनौतल्या, चौक नावाच्या भागात वाढलेल्या, आणि त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या. आईने पहिल्यांदा स्वतःहून बोलणे काढले ते खालांशी, भिंतीवरून, आणि विषय कोंबड्यांचा होता.

खालांनी तिला रिक्षातून नक्खासच्या चिडियाबाजारात नेले. पोपट, कबुतरे, तितर यांच्या पिंजऱ्यांमधून वाट काढत त्या कोंबडीवाल्यापाशी पोहोचल्या. मी बरोबर होते. त्याने पांढऱ्याशुभ्र कोंबड्या पुढे केल्या.

"विलायती है बहनजी, रोज़ अंडा देगी।"

"ये बैठती है क्या?" आईने विचारले.

"बैठेगी क्यों? अंडा देगी।"

"ये नहीं बैठेगी तो बच्चे के लिए मैं बैठूँ क्या?"

कोंबडीवाला हसला. आजूबाजूचे दुकानदारही हसले. पांढऱ्या कोंबड्या अंडी भरपूर देतात पण उबवायला बसत नाहीत, हे आईला गावीच कोणीतरी सांगितलेले होते. तिने देशी कोंबड्या घेतल्या, दोन तांबड्या आणि एक काळी ठिपक्यांची, आणि एक कोंबडा. खालांनी हा संवाद कॉलनीत पोहोचवला. त्यानंतर अनेक महिने आई दिसली की कोणीतरी विचारे, "क्यों परब भाभी, आज आप बैठीं कि मुर्गी?" आईला हे आवडत असावे. तिने कधी तक्रार केली नाही.

खुराडे वडिलांनी केले. आधी त्यांनी कागदावर मापासहित आराखडा काढला. पॅकिंग केसच्या फळ्या आणल्या, दाराला सरकती कडी बसवली, हवेसाठी वर जाळी ठेवली. कॉलनीतली माणसे ते पाहायला आली. कोंबड्या पहिल्याच संध्याकाळी उडून कडुनिंबावर जाऊन बसल्या. पुढचा महिनाभर वडील ऑफिसातून आल्यावर काठीने त्यांना खाली उतरवत. शेजारचे लोक वेताचे मोढे टाकून बसत आणि पाहत.

मिश्राइनना सुरुवातीला हा शेजार पसंत नव्हता. पिसे उडून त्यांच्या तुळशीपाशी जात. कोंबडा आरवला की मिश्राजींची पूजा मोडे. त्यांनी वडिलांकडे ही बाब सौम्य शब्दांत मांडली : "परब साहब, आपका मुर्गा घड़ी से नहीं चलता।" नंतर त्यांची मुलगी गुड्डी आजारपणातून उठली आणि डॉक्टरांनी तिला अंडे द्यायला सांगितले. मिश्रांच्या स्वयंपाकघरात अंडे येऊ शकत नव्हते. मिश्राइन एका सकाळी भिंतीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बहनजी, इसे अपने यहाँ रोज़ एक आलू उबाल के खिला दिया कीजिए।" तेव्हापासून गुड्डी शाळेआधी आमच्या घरी येऊन आलू खाऊन जाऊ लागली. कधी उशीर झाला तर ती भिंतीपलीकडून ओरडे, "चाची, आलू छील दिया?" मिश्राजींना हे किती ठाऊक होते, याची खात्रीलायक माहिती नाही.

गावी राहिलेल्यांना वाटते की बाहेर गेलेला माणूस नव्या गोष्टींत चुकतो. जे लखनौला, कानपूरला, भोपाळला गेले, त्यांना ठाऊक आहे की तो बहुधा जुन्या गोष्टींत चुकतो. ज्या त्याला पक्क्या येतात त्यांत. आमच्या घरात ते पहिल्याच हिवाळ्यात घडले.

आईने दिवाळी होऊन गेल्यावर कोंबडी बसवली. कोकणात ती हेच करत आली होती. पावसात पिल्ले भिजून मरतात. भात झोडून झाले की अंगणात दाणा असतो, ऊन कोवळे असते, पिल्ले वाढतात. लखनौत भात नव्हते, पण दिवस तेच होते. पहिली कोंबडी नीट बसली नाही, अंडी थंड पडली. तिने दुसरी बसवली. टोपलीत गवत, त्यावर अंडी, प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण. कोंबडी या वेळी हलली नाही. डिसेंबरच्या शेवटी पिल्ले बाहेर आली.

त्याच आठवड्यात धुके उतरले. दुपारपर्यंत भिंतीपलीकडचे दिसत नव्हते. आम्ही असा थंड दिवस पाहिला नव्हता. शोभाने तोंडातून वाफ निघते म्हणून रडायला सुरुवात केली होती. आईने टोपली स्वयंपाकघरात आणली, शेजारी कोळशाची अंगीठी ठेवली, कोंबडीवर वडिलांचा जुना मफलर घातला. पिल्ले एकेक करून गेली. शेवटचे पिल्लू गेल्यावरही कोंबडी टोपलीभोवती फिरून त्यांना बोलावत होती. आईने ती सगळी कडुनिंबाखाली पुरली.

खाला भिंतीवरून पाहत होत्या. "पूस में कौन बच्चे निकलवाता है, बहन? फागुन तक रुक जातीं। मुझसे पूछ तो लेतीं।"

आईने हे ऐकून घेतले. तिला ते पटलेही, कारण पुढे तिने कोंबडी नेहमी फाल्गुनातच बसवली. पण त्या दिवशी जेवताना तिने वडिलांना दुसरे कारण सांगितले.

"राखण दिली नाय म्हणान झाला. आमी हेच्या जाग्यात ऱ्हवतंव, हेचा पाणी पितंव, आणि हेका इचारल्याव पण नाय."

वडील घरात मालवणी बोलत. निर्णय मात्र ते पुस्तकी मराठीत सांगत.

"राखण घराची असते. हे क्वार्टर आहे," ते म्हणाले. "आपली राखण दादा देतायत. विषय संपला."

विषय संपला नाही. राखण कोणाला द्यायची, हा प्रश्न आईने कॉलनीत विचारायला सुरुवात केली. मिश्राइनना तिने विचारले, इस जगह का रखवाला कौन है?

"चौकीदार? वो तो गेट पर सोता रहता है।"

आईने हातवारे करून समजावले. जमिनीचा मालक, दिसत नाही तो, ज्याला वर्षातून एकदा द्यावे लागते.

"अच्छा, डीह बाबा!" मिश्राइन म्हणाल्या. "वो तो हमारे गाँव में हैं। हर साल जेठजी चढ़ाते हैं, हमारे नाम का भी। यहाँ कहाँ? यहाँ तो रेलवे है।"

खालांनी थोडा विचार करून उत्तर दिले. "हमारे बुज़ुर्ग तो सब ऐशबाग़ के क़ब्रिस्तान में सोए हैं। इस क्वार्टर का कौन होगा? क्वार्टर तो तबादलेवालों का है।"

समोरच्या रांगेतल्या बंगाली बाईंचे दैवत बर्दवानजवळ होते. पाठीमागच्या तमिळ कुटुंबाचे तिरुनेलवेलीकडे. प्रत्येकाच्या वतीने कोणीतरी भाऊ किंवा काका तिकडे देत होता. ही माहिती आईने काही आठवड्यांत गोळा केली आणि वडिलांसमोर ठेवली. वडील म्हणाले, "बघ. मग आपलंच काय वेगळं आहे?" आई म्हणाली, "मगे ह्या जाग्याक कोणच देणा नाय." दोघांनी एकाच माहितीवरून काढलेले हे निष्कर्ष होते.

फाल्गुनात कोंबडी पुन्हा बसली. या खेपेस पिल्ले जगली. त्यांत एक तांबडा, मानेवर सोनेरी पिसे असलेला कोंबडा निघाला. आईने तो राखणेचा म्हणून बाजूला काढला. वडिलांना तिने विचारले नाही. फक्त सांगितले की हा कापायचा नाही, विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. बाजूला काढलेला कोंबडा ज्याचा त्यालाच जातो. वडिलांनी यावर हो किंवा नाही म्हटले नाही. राखण देण्याचे दिवस आले आणि गेले. पुढच्या वर्षीही आले आणि गेले. कोंबडा तसाच राहिला.

कापायचा नाही म्हटल्यावर तो वाढला. त्याच्या पायांना बोटाएवढ्या नख्या आल्या. तो धोब्याच्या, पोस्टमनच्या आणि मीटर पाहायला येणाऱ्या माणसाच्या अंगावर धावे. मिश्राजींच्या सायकलशी त्याचे विशेष वैर होते. खालांनी त्याचे नाव लाट साहब ठेवले आणि कॉलनीने ते स्वीकारले. शोभा तोवर घरातही हिंदीच बोलू लागली होती. आई मालवणीत विचारे आणि ती उत्तर देई, "लाट साहब फिर छत पे हैं, मैं नहीं उतारूँगी।" वडील त्याच्याजवळ जात नसत. एकदा त्याने त्यांची पोटरी फाडली. आयोडीन लावताना आई म्हणाली, "तो आपला मागता." वडिलांनी तिला पट्टी घट्ट बांधायला सांगितली.

या काळात वडिलांनी मुंबईच्या बदलीसाठी दोनदा प्रयत्न केले. दोन्ही वेळा जागा नव्हती. मे महिन्यात आम्ही गावी जात असू, पण दरवर्षी नाही. गेलो की बंद खोली उघडून झाडली जाई. स्वयंपाक काकांच्या चुलीवर एकत्र होई, कारण पंधरा दिवसांसाठी वेगळी चूल पेटवणे कोणालाच पटत नसे. राखणेबद्दल तिथे कधी बोलणे निघाले नाही. वडिलांनी विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे झाले असते.

१९७८ च्या डिसेंबरात थोरले काका लखनौला आले. त्यांना काशीला जायचे होते आणि वडील त्यांना घेऊन जाणार होते. काकांनी त्याआधी मुंबईपलीकडचा मुलूख पाहिला नव्हता. स्टेशनवरून घरी येईपर्यंत त्यांनी वडिलांचा ओव्हरकोट, आईची शाल आणि शोभाची लोकरी टोपी अंगावर चढवली होती.

"हंय सूर्य खंयसून उगवता?" त्यांनी धुक्यात उभे राहून विचारले.

"उगवता, दादानू. जरा उशिरान," आई म्हणाली.

"ऑफिसर दिसता."

दुसऱ्या दिवशी थोडे ऊन पडले. काका अंगणात मोढ्यावर चहा घेत बसले होते. रविवार नव्हता, पण वडिलांनी रजा काढली होती. लाट साहब भिंतीवरून उतरून समोर आला. काकांनी त्याच्याकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले.

"ह्यो म्हातारो झालो. अजून ठेवलास कित्याक?"

"राखणेचो तो," आई म्हणाली.

"कोणाच्या राखणेचो?"

"हंयच्या." तिने वडिलांकडे पाहिले नाही. "हेंनी देऊक दिली नाय. हे म्हणतत, दादा थंय देतत."

काकांनी कप खाली ठेवला.

"मी देणंय नाय," ते म्हणाले.

वडील वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी घडी केले.

"पयल्या वर्षी दोन कोंबडे दिलंय," काका सांगू लागले. "माझो एक, तुमचो एक. दुसऱ्या वर्षी गावकरान, गावच्या मानकऱ्यान, माका सगळ्यांसमोर इचारल्यान, ह्यो दुसरो कोणाचो? त्या चुलीत धूर खंय आसा? जेच्या चुलीत धूर नाय, तेची राखण नाय. तेव्हापासून एकच देतंय."

"मग मला सांगितलं का नाहीत?" वडिलांनी विचारले.

"सांगान तू काय करतलस? थंयसून येवन चूल पेटवतलस?"

वडील उठून आत गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते कामापुरतेच बोलले. आई काकांसाठी नेहमीप्रमाणे भाकऱ्या करत होती. भिंतीपलीकडे गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही, कारण खालांनी आईला थेट विचारले होते, "बहन, भाई साहब का मुँह क्यों उतरा है?" आणि आईने सांगितले होते. खालांनी ऐकून एवढेच म्हटले, "तो इतने बरस आप लोग न वहाँ के, न यहाँ के?" आई म्हणाली, "हाँ, वैसा ही हुआ।"

काका उन्हात बसून अंगण न्याहाळत. मिश्राइनकडून त्यांनी आईमार्फत माहिती घेतली की क्वार्टर होण्यापूर्वी इथे आमराई होती, मलिहाबादकडे असतात तशी. त्यांनी कडुनिंबाच्या बुंध्याभोवतीची माती हाताने चाचपली. शनिवारी जेवण झाल्यावर ते वडिलांना म्हणाले, "उद्या देवया."

"ही सरकारी जागा आहे, दादा."

"सरकार काल इला. जागो आदीचो."

"आणि आम्ही परत आलो तर?"

"इलास तर हेका सांगान ये. पण न सांगता ऱ्हवू नको."

राखण घरातल्या मोठ्या पुरुषाने द्यायची असते. काका देऊ शकत होते. पण नव्या जागी ज्यांच्यासाठी द्यायची, त्यांना तिथे उभे राहून होकार द्यावा लागतो. वडील उद्या अंगणात येतील की नाही, हे त्या रात्री घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईने तांदूळ भिजत घातले.

रविवारी सकाळी कडुनिंबाखाली जागा सारवली. केळीचे पान मिळाले नाही. आईने पळसाची पत्रावळ मांडली. तांदूळ, नारळ, उदबत्ती. मिश्राइन भिंतीपाशी आल्या. त्यांनी कागदात लवंगा आणि बताशे आणले होते.

"हमारे डीह बाबा यही लेते हैं। ये भी रख दीजिए, हमारी तरफ़ से," त्या म्हणाल्या. "और बहनजी, उसका मुँह मेरी ओर मत कीजिएगा।"

दुसऱ्या भिंतीवरून खालांनी विचारले, "लाट साहब को आज पेट भर खिलाया?"

"खिलाया. बाजरा."

कोंबडा पकडायला काकांना बराच वेळ लागला. एकदा काखेत आल्यावर मात्र तो शांत झाला. काका पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. आई, मी आणि शोभा मागे. शोभाला त्यांनी समजावले, "मी म्हाराजा म्हटला की तू 'व्हय म्हाराजा' म्हण." याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात, मोठ्या माणसाने जागेच्या धन्याला सांगायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चपला घालून.

काका सुरुवात करणार तेवढ्यात आई म्हणाली, "दादानू, हेका मालवणी समजात?"

काका थांबले. हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नव्हता.

"तू सांग हेका हिंदीत," ते म्हणाले. "मी म्हणतंय, तू सांग." मग त्यांनी आवाज चढवला. "बा ह्या जाग्याच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तू कोण, खंयचो, माका ठावक नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बाबा, आप कौन हैं, कहाँ के हैं, इनको मालूम नहीं," आई म्हणाली.

"ही माणसा आमची. तुझ्या जाग्यात रवली, तुझा पाणी प्याली, तुका काय दिल्यानी नाय. चूक तेंची नाय, माझी. मी तेंका थांबवलंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ये हमारे आदमी हैं। आपकी जगह में रहे, आपका पानी पिया, आपको कुछ दिया नहीं। ग़लती..." आई अडली. "ग़लती किसी की नहीं।"

भिंतीपलीकडे मिश्राइनचा आवाज आला, "सही बात।"

"चुकला-माकला पदरात घे. आजपासून ही माणसा मी तुझ्या ताब्यात देतंय, म्हाराजा. आता तेंका तूच सांभाळ."

या वेळी "व्हय म्हाराजा" एकट्या शोभाने म्हटले. आईने तोंडावर पदर धरला होता. तिने हिंदी केले नाही. काका कोंबडा धरून थांबून राहिले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

वडिलांनी चपला काढल्या. ते अंगणातून चालत आले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले.

"बाबा," ते म्हणाले, "आज से हम आपके ज़िम्मे हैं।"

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले.

कोंबडा काकांनीच दिला. मिश्राइन त्याआधी आत गेल्या होत्या. कोंबड्याचे वय झालेले असल्यामुळे मांस शिजायला दुपार झाली. आईने वडे केले. खालांनी वडे घेतले, रस्सा घेतला नाही. त्यांच्याकडे हलाल केलेलेच चालते, आणि आईने तो आग्रहही केला नाही. नारळ मिश्रांकडे आणि खालांकडे गेला. मिश्राजींनी तो खाल्ला आणि सायकल आता निर्धास्तपणे लावता येईल, असे वडिलांना सांगितले. दोन दिवसांनी काका आणि वडील काशीला गेले.

वडिलांनी त्यानंतर बदलीसाठी प्रयत्न केल्याचे आमच्या माहितीत नाही. गावच्या घरातली बंद खोली काकांच्या मुलाने पुढे भात साठवायला घेतली. किल्ली वडिलांनीच पाठवून दिली. फाल्गुनात कोंबडी बसवायची आणि त्या पिलांतला एक तांबडा कोंबडा पुढच्या डिसेंबरासाठी राखायचा, हा क्रम क्वार्टरमध्ये दरवर्षी पाळला गेला. गाऱ्हाणे घालायला कोणी मोठे नसल्यामुळे पहिली काही वर्षे वडील नुसते हात जोडून उभे राहत. बोलत नसत.

थोरले काका १९८३ मध्ये गावी वारले.

वडील १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावे लागले. लखनौच्या कडेला गोमती नगरमध्ये तेव्हा भूखंड पाडले जात होते. रस्ते आखलेले, घरे तुरळक, बाकी शेते. तिथे त्यांनी छोटे घर बांधले होते. क्वार्टर सोडण्याच्या सकाळी आई आणि वडील कडुनिंबाखाली काही वेळ उभे होते. काय बोलले ते कोणी ऐकले नाही. कोंबड्या आई टोपलीत घालून रिक्षाने घेऊन गेली. आईच्या मांडीवर टोपली आणि शेजारी खाला, ज्यांना नवे घर पाहायचे होते.

मी तेव्हा पुण्यात एका वृत्तपत्रात काम करत होते, त्यामुळे पुढची माहिती शोभाकडून मिळालेली आहे. आईला विचारल्यावर तिने या माहितीला दुजोरा दिला. गोमती नगरच्या घरात त्याच डिसेंबरात राखण दिली गेली. मिश्रा कुटुंब आले होते, गुड्डीसकट. गाऱ्हाणे वडिलांनी घातले. ते लांबले, कारण त्यांनी घरातल्या प्रत्येकाचे नाव घेतले, मग खालांचे, मग मिश्रांचे. सगळे हिंदीत होते.